मोडलेल्या पाट्याचं तोंड

पाटे चांगले आहेत, असं मला आधी वाटलं. टेम्पो नंतर ओळखला. म्हणजे नजर आधी खालीच गेली. चाकं काढून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेला तो सांगाडा, त्याच्या पोटाखाली कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे पाटे एकावर एक बसलेले, आणि माझ्या मनात हिशेब सुरू की जाड पाट्यातून खाटकाचे मोठे सुरे निघतील, मागच्या बारीक पाट्यातून भाजीच्या सुऱ्या. मग वर बघितलं तर दाराचा निळा रंग, आणि काचेच्या कोपऱ्यात मीच चिकटवलेली पट्टी, काच तडकली होती म्हणून. तेव्हा कळलं की हा आमचाच. ज्यात हे गेले तो. मी उभी राहिले आणि वाट बघितली. बायका अशा वेळी मटकन खाली बसतात, कुणीतरी पाणी आणतं, कुणी पदराने वारा घालतं. मला वाटलं आता काहीतरी होईल. काहीच झालं नाही. पाटे चांगले आहेत हेच परत डोक्यात आलं. स्वतःची शिसारी आली म्हणावं तर आली, पण तीही लांबून, शेजारच्या घरात कुणी भांडत असावं आणि आपण भांडी घासत असावं तशी.

"वहिनी, तिकडे नका जाऊ म्हटलं होतं ना मी," चुंबकशेठ मागून धापा टाकत आला. भंगारच्या ह्या वाड्याचा तो मालक. गळ्यात दोरीला लोहचुंबक बांधून फिरतो म्हणून सगळे त्याला चुंबकशेठ म्हणतात, त्याच्या बायकोसकट. मघाशी मी आत आले तेव्हा त्याने मला फाटकाजवळच अडवलं होतं, चहा मागवतो म्हणाला, पलीकडे नुसता पत्रा आहे म्हणाला, नको तितकं बोलला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. हा माणूस एरवी शब्दसुद्धा काट्यावर तोलून देतो. "लिलावात ढिगाने घेतला माल. आणल्यावर बघितलं," तो म्हणाला. "कापायला हात होईना. तुम्हाला सांगायलाही तोंड होईना. मग ठेवला तसाच." मी म्हटलं, बरं केलंत. दुसरं काय म्हणणार? तो माझ्या तोंडाकडे बघत होता, पाणी आणायला तयार. बिचाऱ्याची निराशा झाली असावी.

मी तिथे पोलाद निवडायला गेले होते. एकटी, पहिल्यांदाच. आमच्या कामाची वाटणी लग्नापासून ठरलेली. निवडायचं ह्यांनी, तापवून धरायचं ह्यांनी, घण मारायचा मी. माहेरी कुणी विचारलं, जावई काय देतो गं हौसेने, तर मी सांगायची, घण देतो. हे हसायचे. कुणी सुरीची तारीफ केली की मात्र हे म्हणायचे, पोलादच तसं होतं, आणि मला वाटायचं, हो ना, आणि पोलाद स्वतःहून पातळ झालं वाटतं. पण ते खोटं नव्हतं. ह्यांचा डोळा होताच. भंगारच्या डोंगरात हे शिरायचे ते तास तास बाहेर यायचे नाहीत. एखादा तुकडा ओढून काढायचा, बोटावर तोलून धरायचा, हातोडीने टिचकी मारायची आणि मान वाकडी करून ऐकायचं. मग कानस घासायची. मग चुंबकशेठच्या ग्राइंडरला कोपरा लावायचा. ठिणगी लांब, सरळ, मरगळलेली निघाली तर ते मऊ लोखंड, त्याचे खिळे करा. ठिणगीला फुटवे फुटले, झुपका झाला, तर पोलाद. एवढं तर मलाही येत होतं. पण त्यानंतरचं, म्हणजे चांगल्या दिसणाऱ्या दहांतला एक बाजूला सारून "हा नको, ह्याने फार सोसलंय" म्हणणं, ते कुठून यायचं ते मला कधी कळलं नाही. जे पसंत पडेल त्यावर पोगराने, म्हणजे टोकदार खिळ्यासारख्या हत्याराने, तीन टिंबं ठोकायची. गिऱ्हाईकं सुरी घेताना ती टिंबं शोधायची. दुकानात बसून ह्यांची आई सांगायची, त्याच्या बापापेक्षा ह्याचा डोळा पुढचा आहे, आणि हे मान खाली घालून कानस घासत राहायचे, पण कान लाल झालेले असायचे.

ह्यांनी टिंबं मारून ठेवलेला माल संपत आला तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली असावी. असावी म्हणते, कारण त्या दिवसांत मला काय वाटत होतं ते मी दुसऱ्याबद्दल सांगावं तसंच सांगू शकते. हात चालत होते. भट्टी पेटत होती. तोंडात घास जात होता. चटका बसला तर फोड आलेला दिसायचा, आणि मग कळायचं की चटका बसला होता. लोक म्हणायचे, धीराची आहे. आई मात्र तसं म्हणत नव्हत्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या माझ्याशी बोलतच नव्हत्या. काही सांगायचं झालं तर भिंतीला सांगायच्या. "दूध उतू चाललंय कुणाचं तरी." "दाराला कडी घालायची असते, म्हणतात." एकदा मी भिंतीलाच उत्तर दिलं, घातली आहे म्हणून. वाटलं, हे असते तर पोट धरून हसले असते. आईंनी भिंतीकडे बघितलं आणि आत निघून गेल्या.

त्यांचं म्हणणं एकच. झोपलेल्याला उठवून पाठवला. आणि ते खरंच आहे, हे दुपारी जेवून आडवे झाले होते. एका हॉटेलाच्या मुदपाकखान्यात सुऱ्या पोचवायच्या होत्या, संध्याकाळच्या आत हव्या होत्या. मी हाक मारली. हे म्हणाले, पाच मिनिटं. मी म्हटलं, तुमची पाच मिनिटं मला माहीत आहेत. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असंही म्हटलं, आणि अंगावरची चादर ओढली. ह्यांनी डोळे न उघडता चादरीचं दुसरं टोक धरून ठेवलं, आमची ओढाओढ झाली, मी जिंकले. हे उठले, चूळ भरली, सुऱ्यांची खोकी टेम्पोत टाकली, आणि जाताना म्हणाले, जल्लाद आहेस. पुढे घाटाच्या उतारावर वळण आलं आणि टेम्पो वळलाच नाही. सरळ दगडी कठड्यावर गेला. बघणारा म्हणाला, डोळा लागला असणार. पोलीस म्हणाले, जेवणानंतरची वेळ, डोळा लागला असणार. मग ते सगळ्यांचं झालं. भेटायला येणाऱ्यांना आई सांगायच्या, झोपेतच गेला हो, त्याला कळलंसुद्धा नाही, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा जरा सैल व्हायचा, कुणीतरी पाठीवरून हात फिरवावा तसा. मग माझ्याकडे न बघता पुढचं वाक्य यायचं, झोपलेल्याला उठवून पाठवला. दोन्ही वाक्यं एका दमात. मी चहाचे कप उचलायची. मला त्यांचा राग आला नाही. माझाही नाही. आला तो ह्यांचा, आणि तोही उशिरा, कोळसा फोडताना. झोपलात? मी एवढं ओढून उठवलं आणि तरी झोपलात?

"पुढचा डावा मेन पाटा गेलाय, बाकी सगळे शाबूत," चुंबकशेठ म्हणाला. आता मी रडत नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं आणि तो धंद्याच्या भाषेवर आला. मला बरं वाटलं. "धडकेत मोडला. टोकाचा तुकडा कडीसकट तिथेच कुठे दरीत गेला असेल. बाकीचा आहे. काढून देऊ? का नको?" मी म्हटलं, द्या. त्याच्या माणसाने नटावर तेल सोडलं, पाना लावला, पहारीने दणके दिले, आणि पाट्यांचा जुडगा सुटून खाली पडला. मेन पाटा म्हणजे सगळ्यांत वरचा, लांब. दोन्ही टोकांना वळवून कड्या केलेल्या असतात, त्यांतून बोल्ट जातो आणि गाडी त्याला धरून असते. खालचे पाटे ओझं वाटून घेतात, पण धरून ठेवतो मेन पाटा. तो मी पुसला. मधोमध तीन टिंबं होती.

तीन टिंबं बघून मला तो दिवस आठवला. हे ह्याच वाड्यातून तो पाटा खांद्यावर घेऊन आले होते, लग्नाची मुलगी बघून आल्यासारखे खूश. अंगणात टांगला, हातोडीने टिचकी मारली, म्हणाले, ऐक. तो वाजत राहिला, वाजत राहिला. हे म्हणाले, ह्याची सुरी करायला जीव होत नाही. टेम्पोचा पुढचा मेन पाटा तेव्हा दबून सपाट झाला होता, नवा आणायचा होता. ह्यांनी हाच चढवला. आता हा माणूस ज्याला त्याला सांगत आला होता की भंगारातलं पोलाद सुरीला चालतं, गाडीला नाही. सुरीला चालतं कारण आपण त्याची चांगली जागा कापून घेतो, आग देतो, घण देतो, मग त्याला मागचं काही आठवत नाही. गाडीला लावलं तर ते मागचं सगळं घेऊन येतं. ड्रायव्हर लोकांना हे कान धरून सांगायचे. आणि स्वतःच्या गाडीला लावला, का तर आवाज गोड. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी तेव्हा बोलले नाही, मला कुणी विचारलं नव्हतं. मी बोल्ट धरून उभी होते.

मग मी पाट्याचं मोडलेलं तोंड बघितलं, म्हणजे जिथे तुटला ती बाजू. आमच्यात ते आपसूकच बघितलं जातं, कुणी घड्याळ बघावं तसं. मोडलेली सुरी परत आली की पहिल्यांदा तिचं तोंड बघायचं. हे मला आईंनी शिकवलं, ह्यांनी नव्हे. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मोडक्या सुऱ्यांची टोपली माझ्यापुढे ओतली होती आणि एकेक तोंड दाखवलं होतं. एका झटक्यात मोडलेलं असेल तर सगळं तोंड खडबडीत, साखरेसारखं दाणेदार. आधीची चीर असेल तर तेवढा भाग गुळगुळीत, काळपट, आणि त्यात एकाबाहेर एक कमानी दिसतात, पाणी हळूहळू आटलेल्या डबक्याच्या काठासारख्या. चीर रोज थोडी थोडी पुढे सरकते, थांबते, सरकते. दोन्ही बाजू एकमेकींवर घासून गुळगुळीत होतात. मग एक दिवस उरलेलं थोडंसं एकदम तुटतं, आणि ते दाणेदार असतं. आई म्हणाल्या होत्या, गिऱ्हाईक काहीही सांगेल, तोंड खोटं बोलत नाही.

पाट्याचं तोंड जवळजवळ सगळं काळं होतं. गुळगुळीत, वंगण मुरलेलं, कमानीवर कमानी. एका कडेला करंगळीच्या पेराएवढी जागा तेवढी दाणेदार होती, आणि तिच्यावर कोवळा तांबडा गंज चढला होता. म्हणजे गाडी इतक्याशा लोखंडावर चालली होती. कठड्याच्या धडकेने असा पाटा मोडत नाही. तो आधी मोडला, वळणावर, आणि म्हणून कठडा आला. पुढचा मेन पाटा कडीपाशी सुटला की आस एका बाजूने मागे सरकतो, मग स्टिअरिंगचं चक्र कितीही फिरवा, गाडी तिच्या मनाने जाते. हे झोपले नव्हते. मी ते तोंड अंगठ्याने पुसलं आणि परत बघितलं. उन्हात धरून बघितलं. चुंबकशेठ म्हणाला, काय हो, चीर आहे का? त्याला लोखंड विकता येतं, वाचता येत नाही. मी म्हटलं, नाही, बघतेय सुरी किती निघेल.

त्याने पाटा काट्यावर घातला नाही, तसाच माझ्या खांद्यावर ठेवला, आणि मी चालत निघाले. रिक्षा केली असती तर चाललं असतं. रस्ता तोच, टायरवाल्यांची दुकानं, बॅटऱ्यांची दुकानं, फुटपाथवर इंजिनाचे भाग मांडून बसलेली माणसं. मी मोकळं वाटण्याची वाट बघत होते. माझ्यावरचा आळ गेला होता. उठवल्यामुळे हे गेले नाहीत. दिवसभर झोपू दिलं असतं आणि दुसऱ्या दिवशी पाठवलं असतं तरी तो पाटा मोडायचाच होता, त्या वळणावर नाही तर पुढच्या. एवढं स्वच्छ असताना मला हलकं वाटायला काय हरकत होती? पण मला नुसती भूक लागली होती. कोपऱ्यावर उभं राहून मी पाव खाल्ला, पाटा भिंतीला टेकवून, आणि आईंना काय म्हणायचं ते जुळवलं. फार जुळवायचं नव्हतंच. नुसतं तोंड त्यांच्यापुढे धरायचं. आई, बघा. बस. त्यांना चष्मा लागतो, पण तोंड वाचायला त्यांना डोळेसुद्धा लागत नाहीत, बोट फिरवलं की पुरे. मग त्यांना भिंतीशी बोलायचं कारण उरणार नव्हतं. आणि मला त्या क्षमा मागतील का, मागितली तर मी काय करायचं, असलं काहीबाही मनात आलं. पावाचा शेवटचा तुकडा तसाच हातात राहिला.

कारण तिथे उभ्या उभ्या मला हे जागे दिसले. आजवर मी ह्यांना त्या टेम्पोत झोपलेलेच बघत आले होते, मान कलंडलेली, तोंड किंचित उघडं, दुपारी चादरीखाली असायचे तसेच. सगळ्यांनी मिळून मला तेच दिलं होतं आणि मी ते घेऊन ठेवलं होतं. आता हे जागे होते. खालून खट्ट आवाज आला, आणि ह्यांनी नक्की मान वाकडी करून ऐकलं असणार. तो आवाज ह्यांच्याइतका कुणाला कळणार? काय मोडलं, कुठे मोडलं, का मोडलं, सगळं तेव्हाच कळलं असणार. चक्र फिरवलं असणार, दोन्ही हातांनी, दात खाऊन. कठडा येताना बघितला असणार. घाबरले असणार. माझी आठवण झाली असेल, नसेल. मी पाट्याला धरून उभी राहिले. मला वाटलं, आता मी ह्या रस्त्यात ओरडणार. एक बाई म्हणाली, अहो, पाट्याने वाट अडवली आहे. मी पाटा बाजूला घेतला.

घरी आले तेव्हा आई दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. मी आत गेले, भट्टीला पंखा लावला, पाटा ऐरणीवर ठेवला. तोंड माझ्या बाजूला. त्या आत आल्या. पावलांवरून कळलं की भिंतीकडे नाही, माझ्याकडे येताहेत. पोलाद निवडून आणलं म्हणजे बघायला हवंच, ते त्यांच्या हाडात आहे. त्यांनी पाट्यावर तळहात ठेवला, सरकवत मधोमध आणला, आणि बोटं टिंबांवर थांबली.

"हे त्याचं आहे," त्या म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी मला म्हणाल्या. "कुठे मिळालं तुला?"

"टेम्पोचा मेन पाटा आहे. चुंबकशेठकडे आलाय टेम्पो."

त्यांनी पदराने टिंबं पुसली. मग म्हणाल्या, "मोडला?"

"हो."

"धडकेत मोडला असेल." त्यांनी टिंबांवरून अंगठा फिरवला. "पोलाद बघ कसं निवडलंय. तो झोपला तरी हे झोपलं नाही, शेवटपर्यंत धरून राहिलं. त्याला कळलंसुद्धा नाही गं. तेवढं तरी बरं झालं. मी रोज तेच म्हणते स्वतःला, कळलंसुद्धा नाही. नाहीतर माझा जीव गेला असता." आणि मग हात पुढे केला. "तोंड बघू."

मला खूप राग आला. ते मी लपवत नाही. ह्या बाईने माझं जिणं नकोसं केलं होतं आणि मी हा पाटा नुसता फिरवायचा अवकाश होता. त्यांची बोटं काळ्या भागावर गेली असती, कमानी मोजल्या असत्या, आणि मी सुटले असते. पण मग ह्यांना उठवावं लागणार होतं. एकदा मी उठवलं होतं, चादर ओढून. आता ह्या म्हाताऱ्या बाईच्या समोर दुसऱ्यांदा उठवायचं, आणि तेही त्या वळणावर, चक्र हातात असताना. मी पाटा उचलला आणि मोडकं टोक निखाऱ्यांत खुपसलं.

"अगं, बघू दे की."

"तापत घातला, आई." आणि मग मी म्हटलं, "तुमचं खरं आहे. गाढ झोपले होते. मी उठवायला नको होतं."

माझा आवाज नेहमीसारखाच होता. आई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता मला शिव्या देतील, पण त्या रडायला लागल्या, तोंडावर पदर न घेता, लहान मूल रडतं तसं मोठ्याने, आणि रडता रडताच ह्यांची सांडस खुंटीवरून काढली. घण मारायचा तर दुसरं कुणीतरी धरायला लागतं. त्यांनी डोळे बाहीने पुसले, टोक तांबडं झालं, मग नारिंगी झालं, त्यांनी ते ओढून ऐरणीवर आणलं आणि सवयीने पाटा आडवा धरला. आधी वाक काढायचा, टोकाला शेवटी हात लावायचा, अशी रीत आहे. "टोक उभं धरा," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "तोंडावर कशाला मारतेस आधी? पाटा सरळ कर."

"राहू दे आई. तिथूनच सुरुवात करते."

त्यांनी मान हलवली, हिला काही कळत नाही अशी, आणि टोक उभं धरलं. मी घण मारला. लाल तोंड दबलं, पसरलं, कडा आत वळल्या. मी परत मारला. जगात एवढ्या एकाच ठिकाणी लिहिलं होतं की माझा दोष नाही, आणि ते आता कुणालाही दाखवता येणार नव्हतं, आईंना नाही, मलाही नाही. आई म्हणाल्या, "थंड होतंय, भरभर हात उचल." मी हात उचलला.